छप्पर कोणी पाहायचं?

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बोलायला बसलं की बोलणं बहुतेक वेळा मुलांपासूनच सुरू होतं. अनोळखी माणसाने दिलेला खाऊ घेऊ नकोस, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ, पाण्याजवळ जाऊ नकोस, कोणी नको तिथे हात लावला तर ओरड. मग पाळी येते आईची: लक्ष कुठे होतं तुझं? या दोघांच्या पलीकडे चर्चा सहसा सरकत नाही, आणि सरकलीच तर थेट ‘सरकारने कडक कायदा करावा’ इथे जाऊन टेकते. घर आणि सरकार यांच्यामधली जागा रिकामीच राहते. मुलं मात्र दिवसाचा मोठा भाग त्या मधल्या जागेतच असतात: शाळेच्या जिन्यावर, कालव्याच्या काठावर, जत्रेच्या मांडवात, शेजाऱ्याच्या शेतात. या जागांबद्दल तंजावूर जिल्ह्याला जेवढं सांगता येईल तेवढं फार थोड्या जिल्ह्यांना सांगता येईल, आणि ते सांगताना मान खाली घालावी लागते.

वाद दोन्ही बाजूंनी नीट मांडता यावा म्हणून इथे दोन माणसं कल्पिली आहेत. दोघं तंजावूरच्या एका जुन्या मराठी घरातली: सरकारी खात्यातून निवृत्त झालेले काका आणि वकिली करणारी त्यांची पुतणी. मूल घराने सांभाळायचं, बाकी सगळी भाषणं, असं काकांचं ठाम मत. पुतणी म्हणते, मुलावर नजर ठेवण्यापेक्षा मूल जिथे वावरतं त्या जागेवर नजर ठेवायला हवी, आणि ते एकट्या घराचं काम नाही. माझा कौल पुतणीकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण काकांचे प्रश्न झटकून टाकण्यासारखे नाहीत, म्हणून ते त्यांच्याच तोंडून येऊ देत.

काका : “पोरी, नियमांच्या फायली मी जन्मभर हलवल्या आहेत. फायलीने मूल वाचत नाही, ते आईच्या डोळ्यामुळे वाचतं. नडुकाट्टुपट्टीचंच घे. 2019 चा ऑक्टोबर, आपल्या शेजारच्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यातलं मणप्पारैजवळचं गाव. दोन वर्षांचं पोर खेळता खेळता बोअरमध्ये पडलं. बोअर कोणाची? त्याच्या घरच्यांच्याच शेतातली, वापरात नसलेली. मोठमोठी यंत्रं आली, शेजारी दुसरा खड्डा खणायला घेतला, खाली खडक लागला. सगळं राज्य टीव्हीसमोर बसून होतं, आणि चौथ्या दिवशी मुलाचा देह निघाला. आता मला सांग, सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच नियम घालून दिले होते की नाही? खोदण्याच्या पंधरा दिवस आधी कळवा, भोवती कुंपण घाला, तोंड झाका, सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरा. सगळं लिहिलेलं होतं. ज्याच्या अंगणात खड्डा त्याने तो बुजवायचा, एवढी साधी गोष्ट आहे. तुझा तो समाज आणि तुझ्या त्या समित्या नंतर.”

काकांचं उदाहरण जबरदस्त आहे, पण ते त्यांच्याच विरुद्ध जातं असं मला वाटतं. त्या घरात मुलावर माया कमी होती असं कोणी म्हणणार नाही. धोका रोज डोळ्यांसमोर असला की काही दिवसांनी तो दिसेनासा होतो, एवढंच तिथे झालं असणार. वर्षानुवर्षं पडून असलेली बोअर घरच्यांना जमिनीचाच भाग वाटू लागते. ती पहिल्यांदा पाहणारा पाहुणाच ‘अरे, हे उघडं कसं?’ असं विचारतो. म्हणूनच न्यायालयाच्या त्या नियमांत मालकावर सगळं सोडलेलं नव्हतं. बोअर सोडून दिली की ती नीट भरल्याचं प्रमाणपत्र संबंधित खात्याकडून घ्यायचं, आणि चालू, बंद, सोडलेल्या अशा सगळ्या बोअरींची नोंद जिल्हा, तालुका आणि गाव पातळीवर ठेवायची, असंही त्यात होतं. पुतणी नेमकं इथेच बोट ठेवते.

पुतणी : “काका, नियम होते हे खरं. पण ती गावची नोंदवही एखाद्या ग्रामसभेत उघडून कोणी मोठ्याने वाचली असती तर? अमक्याची बोअर बंद, भरली का? एवढाच प्रश्न. मालकाला लाज वाटली असती, नाहीतर मदत मिळाली असती. दोन ट्रॉली माती कोणीही टाकली असती. घरच्या डोळ्याला जे दिसत नाही ते पाहायला दुसऱ्याचा डोळा लागतो, आणि तोही ठरलेल्या दिवशी. कुंभकोणमला तर धोका जमिनीखाली लपलेलाही नव्हता. तो सगळ्यांच्या डोक्यावर होता.”

कुंभकोणम तंजावूर जिल्ह्यातच येतं. 16 जुलै 2004, शुक्रवार. काशिरामन रस्त्यावरच्या एका इमारतीत एकाच संस्थेच्या शाळा एकत्र भरत होत्या. वर्ग दाटीचे, जिना अरुंद. दुपारच्या जेवणाचं स्वयंपाकघर त्याच आवारात. वरच्या मजल्यावर लहान मुलं जिथे बसत तिथलं छप्पर झावळ्यांचं. सकाळी, अजून जेवणाची सुट्टी व्हायची होती तेव्हा, चुलीची आग छपराला लागली. झावळ्यांचं छप्पर पेटतं कसं ते कोकणातल्या किंवा कावेरीकाठच्या माणसाला सांगायला नको. विणलेली झापं उन्हाने कोरडीठक्क झालेली असतात, ज्वाळा पाहता पाहता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते, बांधलेले दोर जळतात आणि मग बांबूंचा अख्खा सांगाडा जळत्या पानांसकट खाली बसतो. जुलैत त्या मुलखात वाराही जोरात असतो. छप्पर मुलांच्या अंगावर कोसळलं आणि 94 मुलं गेली. बहुतेक प्राथमिक वर्गातली.

या मुलांना घरून कोणती शिकवण कमी पडली होती? सात वर्षांच्या मुलाने कितीही सावध राहायचं म्हटलं तरी जिना रुंद होत नाही. आई फाटकाशी दिवसभर उभी राहिली असती तरी चूल वर्गापासून लांब गेली नसती. म्हणून मी या घटनेला अपघात म्हणायला तयार नाही. अपघाताला निदान अचानकपणा लागतो. इथे आधीच्या सात वर्षांत त्याच पट्ट्यातून एकामागून एक निरोप येत होते. 7 जून 1997 ला खुद्द तंजावूरच्या बृहदीश्वराच्या देवळात कुंभाभिषेकाच्या वेळी यज्ञाच्या मांडवाने पेट घेतला. आग आणि चेंगराचेंगरीत 40 हून अधिक माणसं मेली. 6 ऑगस्ट 2001 ला रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीत झावळ्यांच्या छपराखाली साखळदंडाने बांधून ठेवलेले 25 हून अधिक मनोरुग्ण जळाले. 23 जानेवारी 2004 ला श्रीरंगमच्या लग्नाच्या कार्यालयात गच्चीवरच्या मांडवाला आग लागली आणि 50 हून अधिक वऱ्हाडी गेले. नवरदेवही त्यात गेला. श्रीरंगम ते कुंभकोणम अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं, आणि मधे गेले जेमतेम सहा महिने. श्रीरंगमच्या बातम्या कुंभकोणमच्या प्रत्येक घरात वाचल्या गेल्या असतील. आपल्या मुलांच्या वर्गावर तसंच छप्पर आहे, हा विचार कोणाच्या मनात आलाच नसेल असं नाही. तो बोलायची जागा आणि वेळ कोणाला दिलेली नव्हती.

काका : “जागा कशी नव्हती? शिक्षणाधिकारी होते, नगरपालिका होती, इमारत ठीक असल्याचा दाखला देणारा अभियंता होता. पगार घेणाऱ्या, शिकलेल्या माणसांनी पाहिलं नाही, आणि तू म्हणतेस ते बाजारात भाजी विकणारी आई पाहील! उद्या ती जाऊन मुख्याध्यापकाला तुळईची जाडी विचारणार?”

पुतणी : “तुळई राहू द्या. झावळीचं छप्पर कसं पेटतं हे तिला अभियंत्याहून जास्त कळतं, कारण तिच्या स्वतःच्या घरावर तेच आहे. अभियंत्याचं घर सिमेंटचं. तुम्ही म्हणता ती शिकलेली माणसं शेवटी कुठे उभी राहिली ते बघा. तंजावूरच्या सत्र न्यायालयात 2014 च्या 30 जुलैला निकाल लागला. आग लागून दहा वर्षं होऊन गेली होती. एकवीस आरोपी, दहा दोषी, अकरा सुटले. दोषींत शाळेचा संस्थापक होता, शिक्षण खात्यातली माणसं होती, आणि तो दाखला देणारा अभियंताही होता. 2017 साली मद्रास उच्च न्यायालयाने काहींना सोडलं आणि संस्थापकाची शिक्षा कमी केली. म्हणजे कागद होता, सही होती, शिक्का होता, छप्परही होतं. कागदावर सही करणाऱ्याचं मूल त्या वर्गात बसत नव्हतं, एवढाच फरक.”

शेवटचं वाक्य वकिली थाटाचं आहे. कर्तव्य बजावायला प्रत्येक वेळी स्वतःचं मूल पणाला लागावं लागतं असं मानलं तर कोणतीही सरकारी व्यवस्था उभी राहणार नाही. पण तिच्या म्हणण्यातला गाभा टिकतो. तपासनीस वर्षातून एकदा येतो, आधी कळवून येतो, आणि त्या दिवशी शाळा त्याच्यासाठी सजते. पालक रोज येतात, न कळवता येतात, आणि निम्मी शाळा त्यांना फाटकातूनच दिसते. ही नजर फुकट उपलब्ध आहे आणि आपण ती फक्त गणवेशाची इस्त्री पाहण्यावर खर्च करतो. शिवाय जे पाहायचं त्याला तांत्रिक शिक्षण लागत नाही. वर्गातून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि असेल तर तिला कुलूप आहे का? दार आत उघडतं की बाहेर? जिन्यात मोडकी बाकं रचून ठेवलीत का? चूल किंवा गॅसची टाकी वर्गापासून किती पावलांवर आहे? सगळ्यात बोलकी परीक्षा म्हणजे एखाद्या दिवशी मधेच घंटा वाजवायला सांगायची आणि शेवटचं मूल मोकळ्या अंगणात यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघायचं. ही मिनिटं मोजायला अभियंता कशाला हवा?

काका मात्र इथे खरी अडचण काढतात, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

काका : “बरं, पाहिलं तिने. बोलेल का? गरिबाला मिळालेल्या शाळेकडे बोट दाखवायचं नसतं, पोरी. नवरा शेतमजूर, पोराला कोट-टायची शाळा मिळाली हेच भाग्य. ती काही बोलली की मुख्याध्यापक म्हणणार, नको असेल तर दाखला घेऊन जा. आणि शाळेने तिचं ऐकलंच समजा, छप्पर काढलं, तर त्याचा खर्च फीत चढणार. शाळा बंदच पडली तर पोर घरी बसेल, नाहीतर बापाबरोबर शेतात जाईल. सुरक्षिततेच्या नावाखाली तू गरिबाच्या हातातली शाळा काढून घेशील.”

हा आक्षेप खोडायचा तर एकट्या आईच्या धैर्यावर भिस्त ठेवून चालणार नाही. एकटीला ‘दाखला घेऊन जा’ म्हणता येतं. साठ जणींना म्हणता येत नाही, कारण साठ दाखले गेले तर वर्ग ओस पडतो. म्हणून नजर सामुदायिक हवी आणि तिला कायद्याचा आधार हवा. तो आधार कागदावर तरी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 21 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षणाचा हक्क म्हणजे सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्क. ती याचिका कुंभकोणमच्या आगीनंतरच दाखल झाली होती. छप्पर काढलं की शाळा बंद पडेल, या भीतीचं उत्तरही तमिळनाडूत मिळालं. आगीनंतर राज्य सरकारने शाळांवरची झावळ्यांची छपरं उतरवायला लावली. त्यामुळे राज्यातलं प्राथमिक शिक्षण काही ओस पडलं नाही. स्वस्त शाळा आणि सुरक्षित शाळा यांतलं एकच निवडा असं गरिबाला सांगणारा बहुतेक वेळा त्या दोन्हींचा मालक असतो, गिऱ्हाईक नसतो.

समिती म्हटल्यावर काका हसतात. चहा, बिस्किटं आणि कोऱ्या इतिवृत्तावर सह्या. त्यांचं हसणं अनुभवातून आलेलं आहे. पण मग याच घरातल्या लोकांना त्यांच्याच राज्यकर्त्यांची एक जुनी गोष्ट दाखवायला हवी. तंजावूरच्या सरफोजी राजांनी 1801 च्या सुमारास तिथल्या छत्रांची, म्हणजे धर्मशाळांची, हकीकत इंग्रजांना लिहून कळवली होती. रामेश्वराच्या वाटेवरचे यात्रेकरू या छत्रांत उतरत. एखादा यात्रेकरू वाटेतच मेला आणि त्याचं मूल मागे राहिलं, तर त्याचं काय करायचं हे तिथे ठरलेलं होतं. मूल छत्राच्या शाळेतल्या गुरुजींच्या ताब्यात जाई. दिवसातून तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी तेल लावून अंघोळ, लागेल तेव्हा औषध, कपडे, पुढे आवडीची विद्या आणि लग्नाचा खर्चसुद्धा. राजेशाहीच्या औदार्याचं कौतुक करायला मी हे सांगत नाही. छत्रांचा पैसा रयतेच्याच शेतसाऱ्यातून येई. मला त्यातलं कारकुनी वळण महत्त्वाचं वाटतं. ‘अनाथ मुलांची काळजी घेतली जावी’ अशा मोघम वाक्यावर काम भागवलेलं नाही. माणूस ठरवला आहे: गुरुजी. मुदत ठरवली आहे: चार दिवस. आजच्या समित्यांच्या इतिवृत्तात ‘सुरक्षिततेबाबत चर्चा झाली’ असं असतं. दुसऱ्या जिन्याची किल्ली कोणाकडे, आणि ती लागते की नाही हे कोणत्या तारखेला कोणी पाहिलं, हे नसतं. इतिवृत्तात ही दोन वाक्यं आली की समिती चहा पिऊनही काम करते.

पाण्याचा प्रश्न निघाला की काका जरा मोकळे होतात, कारण तंजावूरचा माणूस पाण्याशिवाय विचारच करू शकत नाही. धरणात पुरेसं पाणी असेल त्या वर्षी 12 जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडतात, काही दिवसांनी कल्लणैच्या बंधाऱ्यातून पाणी सुटतं, आणि आटलेले कालवे पाहता पाहता दुथडी भरून वाहू लागतात. कल्लणै कालवा तर तंजावूर शहरातूनच जातो. काल जिथे पोरं क्रिकेट खेळत होती तिथे आज बुडण्याइतकं पाणी असतं.

काका : “आणि आता तू म्हणशील कालव्याला जाळी लावा, पोरांना घरात कोंडा. आमची पिढी कावेरीत पोहून मोठी झाली. हल्ली एका सुरक्षिततेपायी पोरांचं बालपण काढून घेतलंय. ना झाडावर चढायचं, ना पाण्यात उतरायचं. मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसा.”

पुतणी : “कोंडायचं कोण म्हणतंय? पोहायला शिकवा, तेच तर म्हणते मी. पण कोणी शिकवायचं, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, हे ठरवा. तुमच्या पिढीत मोठी भावंडं, मामा, आत्या काठावर असत. आता दोघं आईबाप कामाला जातात आणि काठावर कोणीच नसतं. पाणी तेवढंच आहे, काठावरची माणसं कमी झालीत.”

या बाबतीत पुरावा आपल्या बाहेरून, पण आपल्यासारख्याच मुलखातून येतो. बांगलादेशही नद्यांच्या गाळावर वसलेला, घराघरांशेजारी तळी असलेला, गरीब आईबापांचा देश. तिथल्या संशोधकांना दिसलं की लहान मुलं बहुतांशी सकाळी, आई स्वयंपाकात आणि बाप शेतात असताना, घरापासून काही पावलांवरच्या पाण्यात बुडतात. ‘आईने लक्ष द्यावं’ असे फलक लावून ते थांबले नाहीत. गावातल्याच एखाद्या बाईच्या घरी सकाळी नऊ ते एक पाळणाघर सुरू केलं, त्याचं नाव ‘आंचल’. मोठ्या मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचं मचाण बांधून पोहायला शिकवलं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळणाघरात जाणाऱ्या मुलांतले बुडून होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटलेले दिसले, आणि पोहायला शिकलेल्या मोठ्या मुलांत 90 टक्क्यांहून अधिक. आईची माया पूर्वीइतकीच होती, पण सकाळचे चार तास कोणाचे हे ठरलं. आपल्याकडे अंगणवाडी गावोगाव आहे. कालव्याला पाणी सुटण्याच्या आठवड्यात तिची वेळ गावाच्या कामाच्या वेळेशी जुळते का, हे विचारायला नवा कायदा लागत नाही. काकांचं बालपणही वाचतं, फक्त काठावर कोणीतरी बसायला हवं.

काका हे सहसा मान्य करत नाहीत, विषय बदलतात. या खेपेला ते म्हणतात की आग आणि पाणी ठीक आहे, पण माणसाचं काय? वासनेला जिना आणि दार मोजून थांबवता येत नाही. हे अर्धंच खरं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत गुन्हेगार बहुतेक वेळा ओळखीतला असतो: नातेवाईक, शेजारी, शिक्षक, व्हॅनवाला. म्हणून ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ ही शिकवण नेमकी चुकीच्या दिशेला बोट दाखवते. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवणं चांगलंच, पण चार वर्षांच्या मुलीने ओळखीच्या मोठ्या माणसाला अडवावं ही अपेक्षा म्हणजे पुन्हा जबाबदारी मुलावर टाकणं. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात शाळेतच दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार आली आणि 20 तारखेला पालक रेल्वे रुळांवर उतरले. तेव्हा जे प्रश्न पुढे आले ते जागेचे होते: लहान मुलींच्या स्वच्छतागृहाकडे पुरुष कर्मचारी एकटा का जाऊ शकतो, तिथे बाई का नाही, कॅमेरे काय करत होते. महाराष्ट्र सरकारने 2022 च्या मार्चमध्येच शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमायचा आदेश काढला होता. म्हणजे इथेही कागद आधी होता. वासना मोजता येत नाही हे कबूल. मूल आणि मोठा माणूस कोणत्या बंद दाराआड एकटे राहू शकतात, ते मात्र इमारतीत एक फेरी मारली तरी दिसतं. आणि अत्याचार झाल्याचं कळलं की पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणालाही गप्प बसता येत नाही, मग ते मुख्याध्यापक असोत की शिपाई.

एकदा पाहून भागत नाही, हे तंजावूरजवळच्या कळिमेडूने शिकवलं. 27 एप्रिल 2022 च्या पहाटे देवाचा रथ फिरवताना त्याचा शेंडा उच्च दाबाच्या विजेच्या तारेला लागला आणि 11 माणसं गेली. त्यांत शाळकरी मुलंही होती. रथ दरवर्षीचाच, वाटही दरवर्षीचीच. मधल्या काळात रस्ता उंच झाला होता, असं तेव्हा सांगण्यात आलं. तार जागच्या जागी राहिली आणि रस्ता तिच्याकडे सरकला. गेल्या वर्षीची पाहणी या वर्षी कामाला येत नाही ती अशी.

शेवटी काका आपल्या हुकमी पानावर येतात, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही.

काका : “तुझं कलम 21 विनाअनुदानित शाळेला लागत नाही, वकीलबाई. आज जो तो तिथेच पोरं घालतो. तिथे पालक म्हणजे गिऱ्हाईक. कोण चढू देणार तुला त्यांच्या जिन्यावर?”

पुतणी : “समिती नाही लागत, पण सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल सगळ्या शाळांना लागतो. आणि शाळा खासगी असली तरी तिला दाखले देणारी खाती सरकारी आहेत. इमारतीचा दाखला, अग्निशमनचा दाखला, मान्यतेचे कागद, सगळं त्यांच्या कपाटात आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीच दाखल्याची आणि नकाशाची प्रत मागवायची. ती हातात घेऊन दहा-बारा पालकांनी फाटकाशी उभं राहायचं, आत नाही सोडलं तरी चालेल. नकाशावर दोन जिने असतील तर बाहेरून मोजायचे.”

काका : “आणि एकच निघाला तर?”

पुतणी : “तर त्याच दिवशी, तारीख घालून, सगळ्यांच्या सह्यांनी दोन पत्रं टाकायची. एक शाळेला. दुसरं, काका, त्या दाखल्यावर ज्याची सही आहे त्याच्या नावाने, पोच घेऊन.”